लाल तोंडाचा उन्हाळा

सोलापुरात उन्हाळा पंचांग बघून येत नाही. कुणीतरी कूलरमधलं जुनं गवत काढून गच्चीवर झटकतं, त्याची धूळ खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, खालून आवाज चढतो, आणि आम्हाला कळतं की आला. मग पाऊस पडेपर्यंत जो भेटेल तो एकच वाक्य बोलतो, "यंदा जरा जास्तच आहे." मी लग्न होऊन या गावात आले त्या वर्षीही जरा जास्तच होता. दरवर्षी जास्त, तर मग कमी कुठल्या वर्षी होता, असं मी एकदा नवऱ्याला विचारलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, असे प्रश्न मला पडतात. तो म्हणाला, "यंदा कमी आहे की. पुढच्या वर्षीपेक्षा."

यंदाही कूलरचं गवत बदलून झालं. कडुनिंबाचा मोहोर गळायला लागला. सकाळी साडेपाचला शेंगीला घेऊन फिरायला निघाले, तर रस्त्यावर तो बारीक पांढरा सडा पडलेला, आणि त्याचा तो कडसर गोड वास. शेंगी हल्ली हळू चालते. चार पावलं टाकते, थांबते, मीच थकले असेन अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघते. समोरच्या अंबादासअण्णांच्या फाटकाशी मात्र ती न थकता थांबते. तिथं पायरीवर लाल रंगाची बाटली ठेवलेली असते. ती दिसली की मला पाच-सहा वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा आठवतो आणि मी एकटीच हसते. लोक बघतात. बघू देत.

शेंगी म्हणजे आमची कुत्री. भाजलेल्या शेंगदाण्याचा असतो तसा रंग, म्हणून शेंगी. आम्ही तिला पाळलं असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं तर ती एका दुपारी शाळेच्या आवारात माझ्या स्कूटरच्या सावलीत येऊन बसली आणि मी स्कूटर काढली तेव्हा सावली चालली म्हणून मागोमाग निघाली. जुळे सोलापुरात, म्हणजे आमच्या उपनगरात, घरी आले तेव्हा ती फाटकात होती. अशा हुशार बाईला नाही म्हणणारी मी कोण?

त्या काळात माझ्या अंगात पर्यावरण शिरलं होतं. शिरलं म्हणजे देवी अंगात येते तसंच. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणारं, त्यामुळे आमच्या घरात पाण्याला सहजासहजी मोक्ष मिळत नसे. एका बादलीचे चार जन्म. आधी त्यात भाजी धुवायची, मग फरशी पुसायचं फडकं बुचकळायचं, मग अंगण शिंपायचं, आणि उरलं तर कॉलनीच्या मोकळ्या जागेत मी लावलेल्या तीन कडुनिंबांना. नवरा तोंड धुताना दोनदा मागे वळून बघायचा, मी बादली घेऊन उभी तर नाही ना.

शिवाय सकाळी फिरायला जाताना मी कापडी पिशवी नेत असे आणि रस्त्यावरच्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करत असे. आमच्या भागात मोकळे प्लॉट पुष्कळ, त्यात वेडी बाभूळ, आणि त्या बाभळीला शेंगांपेक्षा कॅरीबॅगा जास्त लागतात. बाटल्यांना मी काम लावलं होतं. झाकणाला भोक पाडायचं, बूड कापायचं, आणि रोपाच्या मुळाशी उलटी खोचून पाणी भरायचं. थेंब थेंब मुरतं. या उद्योगाला लोक कॉलनीत काय म्हणत ते मला नवऱ्यानं कधी सांगितलं नाही, यातच सगळं आलं.

एके दिवशी शेंगीनं बाभळीखालची एक बाटली तोंडात धरली आणि माझ्यापुढे आणून टाकली. मला भरून आलं. तीस वर्षं शिकवते आहे, एकाही वर्गानं न सांगता कधी कागदाचा बोळा उचलला नव्हता. माझ्या पिशवीत कडक भाकरी होती. ज्वारीची, पापडासारखी पातळ, मोडली की कट्टकन वाजणारी. मी तिचा तुकडा शेंगीला दिला. तिनं तो खाल्ला, विचार केला, आणि दुसरी बाटली आणायला गेली.

आठ दिवसांत आमचा हिशोब ठरून गेला, एका बाटलीला एक तुकडा. आमच्या थोरल्या दिरांनी हे पाहिलं तेव्हा ते दारातच उभे राहिले. दादा मंगळवेढ्याला शेती करतात, दरवर्षी सुगी झाली की आमच्यासाठी ज्वारीचं पोतं घेऊन येतात.

"मास्तरीनबाई, ही ज्वारी आमी मानसासाठी धाडतो."

"ती काम करते, दादा."

"काम करती? मग आमच्या गड्यास्नी बी असंच शिकवा की. फुकट पोत्याच्या पोती खात्यात."

महिन्याभरात आमच्या गल्लीत औषधाला बाटली राहिली नाही. मी शाळेत मुलांना हे उदाहरण म्हणून सांगितलं. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. गल्लीतल्या बाटल्या संपल्या होत्या, शेंगीची भूक संपली नव्हती.

आता समोरच्या घराबद्दल सांगायला हवं. अंबादासअण्णांचं सगळं आयुष्य भवानी पेठेत टॉवेलच्या धंद्यात गेलेलं. सूत रंगवायचं काम त्यांचं स्वतःचं. धंदा मुलांच्या हाती दिला आणि ते आमच्या समोर राहायला आले. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि ती मराठीही तेलुगूच्या वळणानं. खांद्यावर पांढरा टॉवेल कायम. अण्णांना कुत्र्यांचं वावडं होतं. शेंगी रस्त्याच्या या बाजूला असली की ते त्या बाजूनं जात, आणि ती त्या बाजूला गेली की घरात जात. मला याचं हसू येई. एवढा मोठा माणूस, आणि शेंगीला घाबरतो! शेंगी तर झुरळालाही घाबरते.

त्या उन्हाळ्यात कुठून तरी बातमी आली की फाटकाशी लाल पाण्याची बाटली ठेवली की कुत्री येत नाहीत. हे कुणी शोधलं, कुठल्या कुत्र्याला विचारून शोधलं, देव जाणे. पण आठवड्यात प्रत्येक दाराशी बाटली आली. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात माणसं बाटल्याच्या बाटल्या भरून कुत्र्यांना दाखवायला ठेवत होती. मी प्रत्येकाला समजावलं की कुत्र्याला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. शेजारच्या माळीकाकू म्हणाल्या, "तुम्ही विज्ञानाच्या ना? मग बरोबर आहे." आणि त्यांनी आणखी एक बाटली ठेवली.

बाकीच्यांनी पाण्यात कुंकू कालवलं होतं. दोन दिवसांत ते खाली बसलं आणि वर नितळ पाणी राहिलं. अण्णांना ते बघवेना. "कुंकू काय रंग आहे का ओ?" असं म्हणून त्यांनी पेठेतून सुताचा अस्सल लाल रंग मागवला आणि दोन लिटरच्या बाटलीत असा कालवला की उन्हात ती बाटली पेटल्यागत दिसायची. "कच्चा काम आपल्याकडे नाही मॅडम," ते मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली माझ्या पायरीवर होती. शेंगी शेजारी बसून शेपटी हलवत होती. तिच्या दृष्टीनं आजवरची ही सगळ्यात जड बाटली होती आणि तुकडाही त्या मानानं मिळायला हवा होता.

मी तिला तुकडा दिला नाही. (अर्धा दिला.) बाटली पदराखाली घेतली, रस्ता ओलांडला, अण्णांच्या पायरीवर ठेवायला वाकले आणि दार उघडलं.

"मॅडम," अण्णा म्हणाले, "तुम्हीपण बाटली ठेवता?"

पुढच्या आठवड्यात शेंगीनं ती बाटली आणखी दोनदा आणली. मी तिला रागावले, कडक भाकरी बंद केली, पण भाकरी बंद झाल्यावर ती उलट जास्त बाटल्या आणायला लागली. काम कमी पडतंय असं तिला वाटलं असावं. अण्णांनी कॉलनीच्या बैठकीत तक्रार केली. आवाज चढवला नाही. "ती माझ्या दारापर्यंत येते. रोज येते. मी बाहेर कसं पडायचं?" बैठकीत ठरलं की पावसाच्या आत कुत्री कॉलनीतून हलवायची. नवऱ्यानं मंगळवेढ्याला फोन केला. दादा म्हणाले, "धाडा की हितं. रान लई हाय. ज्वारी घिऊन येतो तवाच नेतो."

मला रात्री जेवण गेलं नाही. रानात ती मजेत राहिली असती, हे मला कळत होतं. पण सकाळी साडेपाचला मी कुणाबरोबर बाहेर पडणार होते? आणि तिला ही सवय मी लावली होती. चूक माझी आणि शिक्षा तिला. मी शेंगीच्या गळ्याला हात घालून बसले. तिनं माझ्या हाताला तुकड्याचा वास येतो का ते बघितलं.

दादा आले तो दिवस नेमका पाण्याचा होता. पाण्याच्या दिवशी आमच्या कॉलनीत कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. मोटारींची घरघर, पाइप, पिंप, गच्चीवरून ओरडाआरडा, "भरली का? भरली का?" दादांनी गाडीतून पोतं उतरवलं. मी टाकीवर नजर ठेवून होते. फाटक उघडं राहिलं.

तेवढ्यात माळीकाकूंची किंकाळी आली.

धावत गेले तर रस्त्याच्या मधोमध शेंगी उभी. तोंड लाल. नाकापासून गळ्यापर्यंत लालभडक, आणि खाली टपटप थेंब. पलीकडे माळीकाकू खडीवर बसलेल्या आणि त्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

"मला चावलं की ओ! बघा तोंड तिचं!"

माणसं हातातले पाइप टाकून धावली. कुणी काठी आणली, कुणी म्हणालं पिसाळली, कुणी कुत्री पकडायच्या गाडीला फोन लावायला मोबाइल काढला. रस्त्यावरून पाणी वाहायला लागलं. कॉलनीच्या इतिहासात नळ उघडे सोडून माणसं पहिल्यांदाच बाहेर आली होती. आणि मी, लाज वाटते सांगायला, पहिल्यांदा ओरडले ते "आधी नळ बंद करा!" असं. माझ्या कुत्रीचा जीव जायची वेळ, आणि मला वाहतं पाणी बघवत नव्हतं.

मग मी शेंगीला ओढत आमच्या नळाखाली नेलं, साबण लावून तोंड धुतलं. लाल पाणी वाहिलं, मग स्वच्छ पाणी वाहिलं, आणि तोंड तसंच लाल. पुन्हा साबण. तसंच. मी तिसऱ्यांदा साबण घेतला. ती बिचारी डोळे मिटून उभी. फाटकाशी गर्दी, गर्दीत काठी. काकूंना खरंच चावली असेल तर?

गर्दीतून अण्णा पुढे आले. त्यांच्या हातात त्यांची बाटली होती. रिकामी, बुडाशी दातांनी फुटलेली. ते फाटकातून आत आले. रस्त्याची बाजू बदलणारा माणूस शेंगीपासून हातभर अंतरावर उभा राहिला. खांद्यावरचा पांढराशुभ्र टॉवेल त्यांनी नळाखाली भिजवला, पिळला, एकदा डोळे मिटले, आणि एका हातानं शेंगीचा जबडा धरून दुसऱ्या हातानं तिचं तोंड खसाखसा पुसलं. टॉवेल सगळ्यांसमोर धरला. त्याच्यावर एक डाग नव्हता.

"बघा," ते म्हणाले. "रक्त असला तर टॉवेलला लागला असता. लागला काय?"

काठीवाला वाकून टॉवेल बघायला लागला.

"साबण लावली मॅडम. मी बघितलो. निघाला काय? नाही निघत. हा रक्त नाही. हा माझा रंग आहे."

मग त्यांनी तोच टॉवेल माळीकाकूंच्या हातात दिला. "काकू, तुमचा गुडघा पुसा." काकूंनी पुसला. टॉवेलवर लाल डाग उमटला, आणि गुडघ्यावर खडीचे ओरखडे तेवढे राहिले. दाताची एक खूण नव्हती. "हा रक्त," अण्णा गर्दीला म्हणाले. वर्गात मी सुद्धा इतका चोख प्रयोग कधी करून दाखवला नव्हता.

काकू हळूच म्हणाल्या की चावली असं नक्की नव्हतं, तोंड बघून त्या पळाल्या आणि पडल्या. काठ्या खाली गेल्या. मग सगळ्यांना नळ आठवले.

एवढा वेळ पोत्यावर बसून बघणारे दादा उठले. "मंग आता न्यायचं कुणाला? कुत्र्याला का रंगवाल्याला?"

अण्णा अजून शेंगीचा जबडा धरून होते. त्यांच्या ते लक्षातच नव्हतं. "कुठं नेता ओ?" ते दादांवर उखडले. "हा माझा सँपल आहे!"

लोक पांगल्यावर अण्णा आमच्या पायरीवर मटकन बसले. मी चहा दिला. ते म्हणाले, "पहाटेच्या पाळीला सायकलवर जायचो. वीस वर्षांचा होतो. पेठेतला कुत्रा चावला. चौदा इंजेक्शन ओ मॅडम, पोटात." त्यांनी बोटानं पोटावर जागा दाखवली. मी त्या माणसाला हसत होते. शेंगी झुरळाला घाबरते हे मला ठाऊक होतं, अण्णांना कोण सांगणार होतं? मला खरोखर शरम वाटली. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "जाऊ दे. रंग बघा कसा बसला आहे."

शेंगीला डॉक्टरांकडे नेलं. फारसं पोटात गेलेलं नाही, पाणी भरपूर पाजा आणि शीवर लक्ष ठेवा, असं ते म्हणाले. ते लक्ष अण्णांनीच ठेवलं. पुढचे चार दिवस मी दूध आणायला निघाले की ते गच्चीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारत, "मॅडम, शी कुठला रंग?" मी मान खाली घालून म्हणत असे, "नेहमीचाच." मग ते समाधानानं आत जात. पोटातून उतरतो पण केसावरून उतरत नाही, म्हणजे काम पक्कं.

तोंड मात्र गणपती आले तरी लाल होतं. भवानी पेठेतून अण्णांचे जुने सोबती यायचे तेव्हा ते त्यांना रस्ता ओलांडून आमच्याकडे आणत. "रा, ये, बघ," असं म्हणून शेंगीची हनुवटी वर करून दाखवत. "ऊन, पाऊस, साबण. बघ." ते म्हातारे चष्मा वर करून बघत, बोटानं केस उलटे करत, आणि गंभीरपणे माना डोलवत. शेंगीला वाटे हे सगळे तिला ओवाळायला आलेत.

बाटली ठेवणं अण्णांनी थांबवलं नाही. मी म्हटलं, आता तरी पटलं ना? ते म्हणाले, "बाकीची कुत्री येतात काय? नाही ना? मग." यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. शेंगी रोज सकाळी ती बाटली उचलायची, अण्णा खिडकीतून "चोर! चोर!" ओरडायचे, ती ऐटीत माझ्यापाशी आणायची, मी परत नेऊन ठेवायची. रंग तेवढा बदलला, तो लहान मुलांच्या खाऊचा असतो तसला साधा. इतकी वर्षं हे चाललंय.

मोकळ्या जागेतल्या तीन निंबांपैकी एक जगला. त्याच्याखाली आता भाजीवाली गाडा लावते. यंदा त्याचा मोहोर पहिल्यांदाच भरपूर आला. शेंगीचं तोंड पांढरं झालंय. ज्या जागी अण्णांचा रंग गणपतीपर्यंत टिकला होता, नेमक्या त्याच जागी. अण्णाही काठी घेऊन चालतात.

आज सकाळी ती फाटकाशी थांबली, वाकली, आणि बाटली सहज उचलून चालायला लागली. मला नवल वाटलं. परवा-परवापर्यंत तिच्या तोंडातून ती दोनदा पडायची. मी निंबाखाली तिच्या तोंडातून बाटली घेतली तर ती हलकीफूल होती. आत पाणीच नव्हतं. कोरड्या बाटलीला आतून नुसता लाल रंग फासला होता.

अण्णा मागून काठी टेकत येत होते. मी बाटली वर धरून विचारलं, "अण्णा, हे काय? अशानं कुत्री घाबरतील का?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"भरलेली उचलत नाही ओ तिला आता," ते म्हणाले. मग खिशातून कडक भाकरीचा तुकडा काढला, आधी दोन बोटांनी त्याचा बारीक चुरा केला, कारण तिचे दातही आता उरले नाहीत, आणि तळहात तिच्या तोंडापुढे धरला.